उभं रान राखायला सरकारी अनुदान आहे का? की फक्त खड्डे खणणाऱ्यालाच?

सड्यावरचा
नमस्कार मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो.

रत्नागिरी जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे, सगळी मिळून साडेअकरा एकर. त्यातला तीन एकर नुसता कातळ, दीड-दोन एकर भाताची मळी जी आता कोणी लावत नाही, आणि बाकी सगळं रान. रान म्हणजे खरंच रान हो, ऐन, किंजळ, रायवळ आंबे, वहाळाला जांभळी, खाली करवंदाच्या जाळ्या आणि मधोमध एक बेहडा, दोघांनी हात धरले तरी कवेत येत नाही. आजोबांच्या काळात तिथे नाचणी-वरी व्हायची, सातबाऱ्यावर अजून वरकस (म्हणजे भरड उताराची जमीन) आहे. मग सगळे गिरणीत गेले, नाचणी सुटली आणि रान आपलं आपण आलं. कोणी एक रोप लावलेलं नाही.

यंदा शिमग्याला गेलो तर लाकडाचा व्यापारी येऊन बसलेला. उभं रान, सगळं मिळून, एक लाख दहा हजार. सहा एकराच्या वर रान आणि त्याचे एवढे पैसे. चुलत भाऊ (गावात तोच राहतो) म्हणाला देऊन टाकूया, नाहीतरी वणव्यात जातंय. त्याचं पण चूक नाही, त्याचं घर गळतंय, मुलगा बारावीला आहे आणि रानातून त्याला वर्षाला चार भारे सरपण सोडून काय मिळतं.

मला वाटलं सरकार एवढी वृक्षलागवड वृक्षलागवड करतं तर रान राखायला काहीतरी देत असेल. म्हणून एका सरकारी ऑफिसात गेलो. साहेब चांगले होते, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रान आहे का, मग ते आधी साफ करून घ्या, जमीन मोकळी दाखवा, मग लागवडीत बसवता येईल." मी दोनदा विचारलं, दोनदा तेच.

तर प्रश्न असा, कोणी अशी योजना बघितली आहे का जी असलेली झाडं सांभाळायला पैसे देते? आणि नसेल तर त्या तीन एकर कातळावर तरी काय बसवता येईल, म्हणजे भावाच्या हातात काही पडेल.

टिकाव_फावडं
साहेबांचं बरोबर आहे, झाड तोडल्याशिवाय झाड कसं लावणार 😄

२०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडं लावायची टार्गेटं होती, तुमचं रान तेव्हा फोटोला उभं राहिलं नाही ही त्याची चूक.

काजूबोंड
मी स्वतः दोन योजनांतून गेलोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. उभ्या खाजगी रानाला राखणीचे पैसे देणारी योजना मला तरी आपल्याकडे भेटलेली नाही. जे आहे ते सगळं लागवडीचं.

कातळासाठी तुमच्यापुढे मुख्य रस्ते दोन. पहिला रोजगार हमी, म्हणजे मनरेगा. सलग शेतात, बांधावर किंवा पडीक जमिनीवर लागवड, कमाल २ हेक्टर. यात फळझाडं पण येतात आणि जंगली झाडं पण, साग, खैर, बांबू, आवळा, हिरडा, बेहडा (हो तुमचा बेहडा लावायला पैसे मिळतात, असलेला ठेवायला नाही). पण जॉब कार्ड लागतं आणि ते गावात राहणाऱ्या कुटुंबालाच, शिवाय लाभार्थी ठरलेल्या गटातला किंवा अल्पभूधारक असावा लागतो. तुम्ही पुण्या-मुंबईत असाल तर विसरा, भावाच्या नावावर करा.

दुसरा भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना. २०१८-१९ पासून आहे, मनरेगात जे बसत नाहीत त्यांच्यासाठी. कोकणात १० गुंठ्यापासून १० हेक्टरपर्यंत, बाकी महाराष्ट्रात २० गुंठे ते ६ हेक्टर. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं. पण हप्ता झाडाच्या जीवावर आहे, पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के कलमं जिवंत दिसली पाहिजेत. मेलेल्या जागी नांग्या भरायच्या. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, आणि आता फार्मर आयडी नसेल तर गाडी पुढे जातच नाही. ज्यांचं पोट शेतीवरच आहे त्यांना प्राधान्य, म्हणजे तिथेही भावाचंच पारडं जड.

खड्डे, कलमं, खत, औषध, नांग्या हे सरकारकडे. जमीन तयार करणं, माती-शेणखत आणि कुंपण तुमचं. कोकणात खरा खर्च कुठे होतो तर कुंपणात आणि मातीत. कातळात खड्डा मारलात तर भरायला माती खालच्या मळीतून डोक्यावरनं न्यावी लागते, ती कुठल्या अंदाजपत्रकात नसते.

आणि मेन मुद्दा, सातबाऱ्यावर नावं किती?

सड्यावरचा
@काजूबोंड मनापासून आभार. नावं १४. त्यातली ३ वारली, वारस लागलेले नाहीत. एक आत्या बडोद्याला, एक चुलत बहीण कुठे असते ते तिच्या सख्ख्या भावाला माहीत नाही.

काजूबोंड
मग आधी वारस लावा. सामाईक खातं असेल तर सगळ्या खातेदारांची संमती लागते, कुळाचं नाव असेल तर कुळाची पण. अर्धा कोकण इथेच अडलाय बघा. कलम मरतं ते वाळवीने, योजना मरते ती संमतीपत्राने.

झाडीपट्टी
भाऊ, आम्ही गडचिरोलीकडचे, आमच्याकडे रानाची काही कमी नाही. पण तुमच्या प्रश्नाला लागून एक सांगतो, झाड लावताना तोडायचा विचार करा. आमच्या बाबांनी बांधावर सागवान लावलं, मी शाळेत होतो तेव्हा. आता विकायला काढलं तर मालकी प्रकरण करा म्हणे. म्हणजे सातबारा, नकाशा, भूमी अभिलेखची मोजणी, झाडांची यादी, मग वनखात्याचा माणूस येऊन झाडं बघणार, मग परवानगी, तोडल्यावर मालाला हातोडा (शिक्का) मारणार, मग वाहतूक पास. दोन वर्षं झाली, फाईल कुठं तरी झोपलेली आहे. मधातच एक दलाल आला, तो म्हणे मी सगळं करतो, भाव अर्धा घ्या. लोक काऊन स्वस्तात विकतात ते तेव्हा समजलं.

म्हणून कोणी काही लावलं की त्याच वर्षी ई-पीक पाहणीत झाडांचा आकडा टाकून घ्या. सातबाऱ्यावर झाडं चढली नाही तर वीस वर्षांनी तुमचंच झाड तुमचं आहे हे सिद्ध करत बसा.

कुळकायदा
+१. आणि धागाकर्त्यांनी हे पण लक्षात घ्यावं की व्यापाऱ्याला "देऊन टाकूया" इतकं ते सरळ नाही. १९६४ चा महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत अधिनियम आहे, त्याच्या अनुसूचीत १६ झाडं. हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, तिवस, बिजा, हळदू, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. ही खाजगी जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तुमचे ऐन, किंजळ, आंबे, जांभळी सगळे यात आले.

सड्यावरचा
यादीत बेहडा दिसत नाही?

कुळकायदा
नाही, बेहडा नाही.

सड्यावरचा
म्हणजे रानातलं सगळ्यात मोठं झाडच यादीबाहेर. त्याच्या ढोलीत धनेश पक्षी बसतो हो दरवर्षी. मादी आत जाऊन ढोलीचं तोंड लिंपून घेते, नर फळं आणून भरवतो, आम्ही लहानपणी खालून बघत बसायचो.

मांजराकाठ
आमच्याकडं लातूर भागात बांबूची लई हवा हाय सध्या. हेक्टरी सात लाख, हेक्टरी सात लाख, गावोगाव तेच चाललंय. मी लावलाय दीड एकर म्हणून सांगतो, ते सात लाख एकदम हातात पडत नाहीत. ते मनरेगातलं चार वर्षाचं मिळून गणित, त्यातला मोठा वाटा मजुरी. तुम्ही स्वतः जॉब कार्डवर राबला तर मजुरी तुमची, नाहीतर मजुराची. २०२५-२६ ला ३१२ रुपये रोज होता. ३१२ ला आमच्याकडं कोण येत नाही, ऊसतोडीला जोडी किती कमावते बघा.

दुसरी अटल बांबू समृद्धी. त्यात रोपामागं १७५ रुपये तीन वर्षात, पहिल्या साली ९०, मग ५०, मग ३५. ही सोपी वाटली मला, मस्टर-बिस्टरची (हजेरीपटाची) भानगड नाही.

एक चांगलं हाय, २०१७ च्या शेवटी कायद्यात बदल झाला आणि बांबू "झाड" राहिला नाही, गवत झाला. शेतातला बांबू तोडायला ते हातोडा-बितोडा काय नाही. झाडीपट्टीवाल्या भाऊंनी सागवानाऐवजी बांबू लावला असता तर आत्तापर्यंत चार काढण्या झाल्या असत्या.

काजूबोंड
बांबू कोकणात लावणार असाल तर टिश्यू कल्चरच्या नादी लागण्यापूर्वी आपला माणगा (कोकणातली बांबूची जात) बघा. सिंधुदुर्गात कुडाळ भागात बांधाबांधाला आहे, भरीव, काटे नाहीत, आतली काठी सहज निघते. त्याला बी धरत नाही, कंद किंवा फांदीवरूनच रोप करावं लागतं. पण नुसत्या कातळावर नाही, माती हवी. तुमच्या पडीक मळीत एक नंबर येईल.

नवशेतकरी_७७
विषयाला धरून एक विचारू का, आमच्या नगरजवळच्या ३ एकरावर एक कंपनी महोगनी लावा म्हणतेय. १२ वर्षांत एकरी एक कोटी, रोपं त्यांचीच, बायबॅक ॲग्रीमेंट आहे, शिवाय "शासन अनुदान" असं पत्रकावर छापलंय. रोपाला २०० रुपये. कोणी लावलंय का??

टिकाव_फावडं
कंपनी १२ वर्षं टिकेल का ते आधी विचारा, महोगनी टिकेल.

मांजराकाठ
महोगनी मनरेगाच्या यादीत हाय हे खरं. म्हणून ते "शासन अनुदान" छापतात. पण ते अनुदान ग्रामपंचायतीतून तुम्हाला मिळतं, कंपनीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

झाडीपट्टी
आमच्या मामाने घेतली होती रोपं, दुसऱ्या एका कंपनीकडून. चौथ्या वर्षी ऑफिसच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. झाडं आहेत अजून, छान वाढली आहेत, घेणारा कोणी नाही.

नवशेतकरी_७७
😐 धन्यवाद सगळ्यांना. ॲडव्हान्स दिला नव्हता नशिबाने.

आंबोळी
मी वाचत होते, लिहिणार नव्हते, पण कातळाचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. आम्ही ३ वर्षांपूर्वी सड्यावर एक एकर काजू केला, रोजगार हमीतून, सासूबाईंच्या नावावर. मी, नणंद आणि शेजारच्या दोघी अशा चौघींनी खड्डे मारले.

काजूला सात बाय सात मीटरवर एक, म्हणजे एकराला ८० खड्डे. ऐकायला काय वाटतं ८० म्हणजे. जांभ्यात पारय (पहार) मारली की ठिणगी उडते, दिवसाला माणशी दोन खड्डे झाले तर खूप. वर दिवसातून दोनदा मोबाईलवर हजेरीचा फोटो. सड्यावर रेंज फक्त एका मोठ्या धोंड्यावर चढलं की येते, तर आम्ही चौघी हातातलं टाकून त्या धोंड्यावर जाऊन उभ्या. एकदा फोटो गेला नाही तर त्या दिवसाचा रोज बुडाला, खड्डा मात्र खणलेला. लोक हसतात पण गंमत नाही ती.

माती खालून आणली, ८० खड्ड्यांना किती घमेली ते मोजायचं मी तिसऱ्या दिवशी सोडलं. कलमं वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७, ती चांगली आली. पहिला उन्हाळा काढणं हाच खेळ. मडक्याला भोक पाडून वात घालून आळ्यात पुरलेली, आठवड्याला एकदा भरायची.

मे महिन्यात मोजणीला माणूस आला तेव्हा अर्ध्या कलमांना पान नव्हतं. माझ्या पोटात गोळा. तो म्हणाला ही मेली. सासूबाई खाली बसल्या आणि एकेका कलमाच्या बुंध्याला नखाने जरासं खरवडून दाखवायला लागल्या, आत हिरवं दिसलं की म्हणायच्या "हां जितां आसा, लिव." असं ओळीने, भर उन्हात, ८० कलमं. ६६ जिवंत निघाली, कोरडवाहूला ७५ टक्के लागतात, म्हणजे सहाने वाचलो. पावसाळ्यात त्यातली जवळजवळ सगळी फुटली, म्हातारीचं नख खोटं नव्हतं.

मजुरीचे पैसे आले, थोडे उशिरा पण आले. सामानाचे म्हणजे कुशलचे पैसे वर्षभर लटकले. कलमांचे पैसे आम्हीच घातलेले, त्यामुळे पदरमोड करायची तयारी ठेवून उतरा.

यंदा पहिला मोहर धरला, बी मिळाली साडेतीन किलो 😊

सड्यावरचा
@आंबोळी ताई, हे वाचून साष्टांग नमस्कार. सासूबाईंना विशेष.

खैर_नाही
उलटं बोलतो, राग मानू नका. कसलं रान राखताय. वर्षातून दोनदा जाणार, फोटो काढणार, आणि गावात राहणाऱ्या भावाने ते राखायचं. माझ्याकडे चिपळूणच्या बाजूला खैर होता, ठेवला ठेवला, दोन रात्रींत चोरांनी नेला, कात कारखान्यात जाऊन रंगला पण असेल. तक्रार द्यायला गेलो तर मलाच प्रश्न, झाडं सातबाऱ्यावर होती का. त्यापेक्षा विकून मोकळं व्हावं, मुळातून परत फुटतंच की.

काजूबोंड
मुळातून फुटतं हे खरं, पण दर १०-१५ वर्षांनी तोडलेलं रान आणि हे ५० वर्षांचं यात फरक आहे की नाही. ढोली काय मुळातून फुटत नाही.

खैर_नाही
ढोलीने भावाचं घर गळायचं थांबत नाही साहेब.

सड्यावरचा
@खैर_नाही तुमचा मुद्दा झोंबला पण खरा आहे. म्हणूनच अनुदान विचारतोय ना. फुकट राख असं भावाला कुठल्या तोंडाने सांगू.

ओक_आणि_आंबा
इंग्लंडमधून लिहितोय, मूळचा सांगलीचा. इथे लागवडीच्या प्लॅनिंगचंच काम करतो म्हणून तुलना सांगतो, निव्वळ माहिती म्हणून, तिकडे असं असावं वगैरे म्हणत नाही.

इथे २०२१ पासून इंग्लंड वुडलँड क्रिएशन ऑफर नावाची योजना आहे, फॉरेस्ट्री कमिशनची. जमीनमालकाला लागवडीचा खर्च मिळतो, त्यात कुंपण पण धरलेलं, कारण इथे हरणं कोंब खाऊन टाकतात. शिवाय हेक्टरी ४०० पौंड दरसाल, १५ वर्षं, फक्त निगा राखायला. पण मला तुमचा धागा वाचून जे आठवलं ते वेगळंच. या योजनेत रोप न लावता आपोआप येणाऱ्या झाडांनाही पैसे मिळतात. म्हणजे शेजारी जुनं रान असेल, तिथून बी येत असेल, तर तुम्ही फक्त गुरं-हरणं आवरायची आणि गप्प बसायचं. तुमच्या आजोबांनी नाचणी सोडून जे केलं तेच, इथे त्याला अर्जाचा फॉर्म आहे.

आणि असलेल्या रानाला पण वेगळं आहे. दहा वर्षांचा व्यवस्थापन आराखडा करायला पैसे, आणि तो मंजूर झाला की सुधारणेसाठी हेक्टरी १२७ पौंड दरसाल, पाच वर्षं. ही रक्कम इथल्या हिशोबात किरकोळ आहे, शेतकरी नाक मुरडतात. आणि कागद इथेही कमी नाहीत, अर्ज करून रोपं जमिनीत जाईपर्यंत दोन हिवाळे गेलेले बघितलेत. १४ नावांचा सातबारा मात्र इथे कोणाला समजावता येणार नाही.

टिकाव_फावडं
गप्प बसायचे पैसे!! मी आत्ता व्हिसाला अप्लाय करतोय.

पाणंद
एक भीती कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या गावात लोक म्हणतात की जास्त झाडं वाढू दिली तर जमीन वनखात्याची होते. आमच्या वाडीतल्या दोघांनी त्याच भीतीने रान साफ केलं. खरं काय आहे?

कुळकायदा
ही भीती हवेतून आलेली नाही. १९७५ चा खाजगी वने संपादन कायदा, ३० ऑगस्ट १९७५ या तारखेला खाजगी वनं सरकारकडे गेली. कोकणात, ठाण्या-रायगडात हजारो लोकांना सातबाऱ्याच्या इतर हक्कात अचानक "खाजगी वन" असा शेरा दिसला, काहींना तर तीस वर्षांनी. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने गोदरेजच्या केसमध्ये नुसत्या जुन्या नोटिशीवरून जमीन वन ठरत नाही असं सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांनी श्वास सोडला.

पण तो कायदा त्या तारखेची परिस्थिती बघतो. त्यानंतर तुमच्या वरकस जमिनीत रान आलं म्हणून त्या कायद्याने ती आपोआप जात नाही. सरकारी योजनेतून लागवड केली म्हणून तर नाहीच. तरी आधी सातबारा काढून इतर हक्क नीट वाचा, आणि फेरफार पण. शेरा असेल तर मग वकील गाठा, धाग्यावर विचारू नका.

पाणंद
म्हणजे त्या दोघांनी उगाच तोडलं.

तांबडी_माती
@सड्यावरचा, सरकारी नाही पण एक सांगते. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन म्हणून संस्था आहे, संगमेश्वर भागात बरीच वर्षं काम करते. खाजगी रानाच्या मालकांशी ते करार करतात, रान तोडायचं नाही आणि त्याबदल्यात काही मोबदला. दुसरं म्हणजे बेहड्याची फळं. त्यांनी बेहड्याची फळं गोळा करण्याला फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळवलंय, झाड न दुखावता आणि पक्ष्यांसाठी फळं मागे ठेवून गोळा करायची, आणि ती परदेशात आयुर्वेदिक चहा-बिहा करणाऱ्यांकडे जातात. मोठे बेहडे म्हणजेच धनेशाच्या ढोल्या, म्हणून त्यांनी नेमकं तेच झाड धरलं. तुमचं गाव त्यांच्या पट्ट्यात येतं का ते विचारून बघा.

सड्यावरचा
हे कमाल आहे. विचारतो.

सड्यावरचा
मंडळी, चार महिन्यांनी अपडेट देतोय, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

वारस लागले. तलाठ्याकडे पाच खेपा, पण लागले. ३ गेले आणि ७ आले, त्यामुळे आता नावं १८ 😄

संस्थेला लिहिलं होतं, उत्तर चांगलं आलं, पावसाळा संपला की बघू असं बोलणं आहे. त्याबद्दल आत्ताच जास्त लिहीत नाही.

भावाशी बसून बोललो, भांडण पण झालं, एक दिवस तो माझ्याशी बोलला नाही. गंमत अशी की जे संमतीपत्र अनुदानाला आडवं येत होतं तेच व्यापाऱ्याला पण आडवं आलं. बडोद्याची आत्या म्हणाली मी सही करणार नाही, तिथे मी लहानपणी जांभळं खाल्लीत. व्यापारी म्हणाला आत्याला सोडा, बाकीच्यांच्या सह्यांवर बघतो, तेव्हा भावालाच तो माणूस खटकला. पण बेहडा यादीत नाही हे व्यापाऱ्याला माझ्या आधीपासून माहीत होतं, म्हणाला निदान तो एक तरी द्या. नाही दिला.

ठरलं ते असं. कातळावरचा एक एकर आणि पडीक मळी भावाच्या नावे मनरेगात, वर काजू, मळीत माणगा. १८ पैकी १६ संमत्या हातात आहेत, उरलेल्या दोन गणपतीत माणसं आली की. उरलेल्या रानाला पाच वर्षं कोणी हात लावायचा नाही आणि त्याचे दरसाल २२ हजार मी भावाला द्यायचे, व्यापाऱ्याच्या एक लाख दहा हजाराला पाचाने भागून आकडा काढला. वणवा आला तर विझवायला तो, आणि दर मार्गशीर्षात जाळरेषा (वणवा अडवायची साफ पट्टी) पण त्यानेच मारायची. कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. बायको म्हणते एवढा सव्यापसव्य करून शेवटी सरकार तूच झालास, निदान हप्ता वेळेवर दे.

पहिला हप्ता दिला. त्यातून घराचे पत्रे आले.

धनेश या वर्षी पण होता, भावाने व्हिडिओ पाठवला, हलतोय खूप पण दिसतो.

आंबोळी
वा दादा! खड्डे दिवाळीनंतर नका ठेवू, ऑक्टोबरमध्ये जांभा जरा ओला असतो तेव्हाच मारून घ्या, नंतर पारय वाजायला लागते. आणि रेंजचा धोंडा आधी शोधून ठेवा.

सड्यावरचा
शोधलाय. भाऊ म्हणतो तिथे सावली नाही.

खैर_नाही
२२ हजार दरसाल... माझं पण रान आहे चार एकर, घेता का 😀

(बरं केलंत.)

काजूबोंड
जाळरेषेला ग्रास कटर लागला तर सांगा, माझ्याकडे आहे, ब्लेड फक्त तुमचं आणा.